कामाच्या गाडीतली चोरी आणि घरचा कॅमेरा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इलेक्ट्रिशियन, प्लंबर, सुतार, एसीवाले, केटरर, मंडपवाले. ज्यांची गाडी हेच दुकान आहे, अशा पुण्यातल्या लोकांकडून आमच्याकडे पुन्हा पुन्हा येणारे हे प्रश्न. गाड्या म्हणजे छोटा हत्ती, पिकअप, ईको, तीनचाकी टेम्पो. उत्तरं रात्री घरासमोर, सोसायटीत किंवा गल्लीत उभ्या राहणाऱ्या गाडीपुरती आहेत. घराच्या दाराला कुठला कॅमेरा लावावा, हा वेगळा विषय आहे आणि तो इथे नाही.

१. कॅमेरा लावला की चोरी थांबते का?

सगळी थांबत नाही. चालता चालता गाड्यांची दारं ओढून बघणारा भुरटा चोर उजेड आणि समोर दिसणारा कॅमेरा पाहून बहुतेक वेळा पुढे सरकतो. पण चार दिवस पाळत ठेवून आलेला माणूस हेल्मेट घालून येतो, त्याला कॅमेऱ्याची फारशी फिकीर नसते. त्याच्यासाठी कुलूप मजबूत हवं आणि हौदा (माल ठेवायचा मागचा भाग) रिकामा हवा.

कॅमेरे बसवणं हाच आमचा धंदा असूनही आम्ही क्रम असा सांगतो : महागडी हत्यारं रात्री घरात घ्या, मग गाडीवर उजेड पाडा, मग कुलूप-जाळी करा, आणि मग कॅमेरा. पहिल्या तीन गोष्टी करून कॅमेरा लावला तर पैसे कारणी लागतात. त्या सोडून चार कॅमेरे लावले, तर चोरीचं छान चित्रीकरण मिळतं.

२. गाडीतून नक्की काय जातं? त्यावरून कॅमेऱ्याची दिशा ठरवायची का?

हो, त्यावरूनच ठरवायची. छोट्या हत्तीसारख्या अनेक गाड्यांची बॅटरी चासीला बाहेरच्या बाजूने असते, स्टेपनी हौद्याखाली टांगलेली. या दोन गोष्टी दार न उघडता काढता येतात. ईकोचा सायलेन्सर जातो, कारण त्यातल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये प्लॅटिनम, पॅलॅडियम, ऱ्होडियम असे मौल्यवान धातू असतात. चोर गाडीखाली आडवा होऊन नटबोल्ट खोलतो. बंद बॉडीच्या गाडीत मागचं दार फोडून ड्रिल, ग्राइंडर, तांब्याची वायर, पितळी नळ उचलतात. जुन्या गाड्यांतून डिझेलही काढतात.

म्हणजे नुसतं बोनेट दिसणारा कॅमेरा बिनकामाचा. बॅटरी ज्या बाजूला आहे ती बाजू आणि मागचं दार, या दोन्हींजवळ उभ्या माणसाचा चेहरा आला पाहिजे. बॅटरीला वेल्डिंगवाल्याकडून लोखंडी जाळी करून कुलूप लावा, स्टेपनीला साखळी घाला. ईकोच्या सायलेन्सरला बाहेरून वेल्ड केलेली पट्टी किंवा पिंजरा बसवून मिळतो. या कामाला कॅमेऱ्यापेक्षा कमी पैसे लागतात.

३. किती मेगापिक्सेलचा घ्यायचा? आठचा घेतला की लांबूनही चेहरा दिसेल ना?

सगळ्यांत जास्त पैसे वाया जातात ते इथे, म्हणून जरा सविस्तर.

अनोळखी माणूस चेहऱ्यावरून पटवायचा, तर तो उभा आहे तिथे दर मीटर रुंदीमागे २५० पिक्सेल हवेत, असं आयईसी ६२६७६-४ या आंतरराष्ट्रीय मानकाची २०१४ची आवृत्ती सांगते. बाजारात मिळणाऱ्या बहुतेक कॅमेऱ्यांना २.८ मिलिमीटरची रुंद लेन्स असते. तिच्यात अख्खी गल्ली मावते, आणि म्हणूनच प्रत्येक माणूस बारीक होतो. या लेन्सवर २ मेगापिक्सेलचा कॅमेरा चेहरा नीट देतो तो जेमतेम ३ मीटरपर्यंत. ४ मेगापिक्सेलचा साधारण ४ मीटरपर्यंत. ८ मेगापिक्सेलचा ६ मीटरच्या थोडं पुढे, एवढंच. तेही दिवसाउजेडी.

आता तोच ४ मेगापिक्सेलचा कॅमेरा ६ मिलिमीटर लेन्सचा घ्या. दिसणारा भाग निम्म्याहून कमी होतो, पण १० मीटरवरचा चेहरा ओळखता येतो. गाडी कॅमेऱ्यापासून किती लांब उभी राहते ते टेपने मोजा आणि दुकानात लेन्स विचारा. ३-४ मीटरला २.८, ५-६ मीटरला ४, ८-१० मीटरला ६ मिलिमीटर. नुसतं "एचडी द्या" म्हटलं की दुकानदार २.८चा डबा काढून देतो, कारण तोच सगळ्यांत जास्त खपतो.

लेन्स ठरल्यावर मेगापिक्सेल. ४ पुरतात. स्वस्तातल्या ८ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याचं रात्रीचं चित्र चांगल्या ४ मेगापिक्सेलच्या चित्रापेक्षा बरेचदा वाईट येतं, कारण तेवढ्याच आकाराच्या सेन्सरवर जास्त पिक्सेल कोंबलेले असतात आणि प्रत्येकाला उजेड कमी मिळतो.

४. कॅमेरा किती उंचीवर लावायचा? फिटर म्हणतो गच्चीवरून सगळं दिसेल.

गच्चीवरून टोप्या दिसतात. चेहऱ्यासाठी अडीच ते तीन मीटर उंची बरी : हात पोचणार नाही, पण टोपीखालचा चेहरा मिळेल. चोर तोडून नेईल अशी धास्ती असेल तर दुसरा कॅमेरा वर लावून पहिल्यावर नजर ठेवता येते.

कॅमेरा गाडीवर रोखण्यापेक्षा माणूस गाडीकडे येतो त्या वाटेवर रोखावा, असं आमचं ठाम मत आहे. गाडीशी वाकलेल्या माणसाची पाठ दिसते. बोळाच्या तोंडाशी, गेटपाशी किंवा दोन गाड्यांच्या मधून येताना तो समोर तोंड करून चालत असतो.

फिटरला निरोप देण्याआधी एक चाचणी करा, आणि ती रात्रीच. घरातल्या कुणाला टोपी घालून बॅटरीपाशी वाकायला सांगा, मग चालत बाहेर जायला सांगा. मोबाइलवरचं लाइव्ह चित्र बघू नका; रेकॉर्ड झालेली फाइल उघडा, चेहऱ्यावर थांबवा, मोठी करा. शेजाऱ्याला तो फोटो दाखवून "हा कोण?" विचारलं तर ओळखता आला पाहिजे. नाही आला तर शिडी अजून भिंतीलाच आहे तोवर कॅमेरा हलवून घ्या.

५. वायफायचा घ्यावा की वायरवाला डीव्हीआर (रेकॉर्डर)?

एक गाडी, घरासमोर, भाड्याचं घर असेल तर वायफाय. स्वतःचं घर, दोन किंवा जास्त कॅमेरे असतील तर वायरवाला.

वायफायचा कॅमेरा २.४ गिगाहर्ट्झवर चालणारा घ्या. ५ गिगाहर्ट्झचा सिग्नल भिंतीत लवकर विरतो. पेठेतल्या जुन्या वाड्यांच्या जाड भिंतींतून तर २.४ सुद्धा दमतो. विकत घेण्याआधी कॅमेरा जिथे लागणार तिथे मोबाइल घेऊन उभे राहा आणि घरच्या वायफायवर व्हिडिओ लावून बघा. अडखळला तर कॅमेराही अडखळणार.

वायरमध्ये दोन प्रकार : कोॲक्सियल केबलवरचा डीव्हीआर, आणि नेटवर्क केबलवरचा एनव्हीआर. दोन्ही रेकॉर्डरच. दुसऱ्यात पीओई असेल तर एकाच केबलमधून वीज आणि चित्र दोन्ही जातं, १०० मीटरपर्यंत. नवीन काम असेल तर आम्ही हाच सुचवतो. घरात आधीच कोॲक्सियल केबल फिरलेली असेल, तर ती उपसून काढायची गरज नाही. नुसते कॅमेरे आणि डीव्हीआर बदलून भागतं.

६. रात्री काळं-पांढरं चालेल की रंगीत पाहिजे?

नुसत्या इन्फ्रारेडवर (डोळ्यांना न दिसणाऱ्या उजेडावर) रंग मिळत नाहीत. निळा शर्ट पांढरा दिसू शकतो, स्प्लेंडर लाल की निळी ते कळत नाही, आणि पोलिस पहिला प्रश्न रंगाचाच विचारतात. "ड्युअल लाइट" नावाने येणारे कॅमेरे घ्या. एरवी ते इन्फ्रारेडवर चालतात, माणूस दिसला की पांढरा दिवा लागतो आणि चित्र रंगीत होतं. अंगावर अचानक पडलेला उजेड हाच चोराला सगळ्यांत जास्त खटकतो.

कॅमेरा छज्जाच्या किंवा स्लॅबच्या अगदी खाली चिकटवू नका. इन्फ्रारेड त्या पांढऱ्या रंगावरून परत लेन्समध्ये येतं, आणि सगळं चित्र धुक्यात गेल्यासारखं होतं. थोडा पुढे काढून बसवला की प्रश्न मिटतो.

७. चोराच्या गाडीची नंबरप्लेट दिसेल का?

साध्या कॅमेऱ्यात रात्री दिसेल असं गृहीत धरू नका. नवीन एचएसआरपी (हाय सिक्युरिटी) प्लेट उजेड परतवते (महाराष्ट्रात १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाड्यांनाही आता ती बंधनकारक आहे). इन्फ्रारेड पडलं की प्लेट पांढरीफट्ट होते. वर हेडलाइट आणि गाडीचा वेग. प्लेटसाठी लांब लेन्सचा, जलद शटर लावलेला वेगळा कॅमेरा लागतो, आणि त्यात बाकी सगळं काळं दिसतं. एका कॅमेऱ्यात चेहरा आणि प्लेट दोन्ही मागू नका. गल्लीच्या तोंडाशी एखाद्या दुकानाचा कॅमेरा असेल तर त्या मालकाशी आधीच ओळख करून ठेवा, ते स्वस्त पडतं.

८. रात्रभर मोबाइल वाजतो. कुत्रं गेलं तरी वाजतो. बंदच करून टाकलं.

बहुतेकांची हीच गोष्ट, आणि नोटिफिकेशन बंद झालं की कॅमेऱ्याचा अर्धा उपयोग संपला. स्वस्त कॅमेरे चित्रातला कुठलाही बदल "हालचाल" समजतात : पाऊस, फडफडणारी ताडपत्री, भटकी कुत्री, लेन्सपुढे जाळं विणणारा कोळी. घेताना माणूस ओळखणारा कॅमेरा घ्या आणि तीन गोष्टी लावा. एक, फक्त माणूस. दोन, गाडीभोवतीचीच चौकट, रस्ता वगळा. तीन, रात्री ११ ते पहाटे ५ एवढीच वेळ. पहाटे दूधवाला आणि पेपरवाला येऊ लागले की अलार्मला तसाही अर्थ राहत नाही.

अलार्म बायकोच्या किंवा भावाच्या फोनवरही जाऊ द्या. दिवसभर स्लॅबवर उन्हात उभ्या राहिलेल्या माणसाची झोप नोटिफिकेशनच्या टिंग आवाजाने मोडत नाही. त्याला सायरनसारखा मोठा टोन लावा. कॅमेऱ्यातूनच बोलायची सोय असेल तर वरून एक "कोण आहे रे तिकडे?" पुरतं. खाली एकट्याने धावत जाऊ नका. ११२ लावा.

९. रेकॉर्डिंग किती दिवसांचं हवं? कार्ड, हार्ड डिस्क की क्लाउड?

निदान १० दिवस. स्टेपनी गेल्याचं पंक्चर होईपर्यंत अनेकांना कळतच नाही.

हिशोब सोपा आहे. ४ मेगापिक्सेलचा कॅमेरा एच.२६५ वर (व्हिडिओ आवळून साठवायची पद्धत) साधारण २ एमबीपीएसने लिहितो, म्हणजे दिवसाला सुमारे २१ जीबी. १२८ जीबीच्या कार्डात एका कॅमेऱ्याचे पाच-सहा दिवस बसतात. चार कॅमेऱ्यांना १ टीबी डिस्कमध्ये ११ दिवसांच्या आसपास. त्यानंतर जुनं पुसून नवीन लिहिलं जातं. कार्ड "हाय एन्ड्युरन्स" लिहिलेलंच घ्या, मोबाइलमधलं साधं कार्ड सतत लिहून लवकर मरतं. डिस्कही सर्व्हेलन्ससाठीची घ्या.

कार्ड कॅमेऱ्यात असतं आणि कॅमेरा चोराच्या हातात जाऊ शकतो, म्हणून माणूस दिसल्यावरची छोटी क्लिप तरी क्लाउडवर जाऊ द्या. डीव्हीआर माळ्यावर ठेवा. टीव्हीखाली शोभेला ठेवलेला डीव्हीआर घरफोडीत टीव्हीबरोबरच जातो.

१०. लाइट गेली किंवा नेट गेलं तर?

नेट गेलं तरी कार्डावर किंवा डिस्कवर रेकॉर्डिंग चालू राहतं, फक्त मोबाइलवर काही येत नाही. लाइट गेली तर सगळंच बंद, आणि अंधारही होतो. नेमका तेव्हाच कॅमेरा हवा असतो. घरात इन्व्हर्टर असेल तर कॅमेऱ्याचा पॉवर सप्लाय, डीव्हीआर आणि राउटर तिन्ही इन्व्हर्टरच्या लाइनवर घ्या. राउटर विसरतात. इन्व्हर्टर नसेल तर राउटरसाठी मिळणारा १२ व्होल्टचा छोटा यूपीएस एक-दोन वायफाय कॅमेरेही ओढतो. कॅमेऱ्याचा व्होल्टेज आणि अँपिअर मात्र जुळवून घ्या.

लाइट परत आली की डीव्हीआरचं घड्याळ बघा. आतला बटणसेल संपला असेल तर तारीख मागे जाते, आणि चोरीची वेळ भलतीच दिसते. सेटिंगमध्ये वेळ इंटरनेटवरून आपोआप जुळवायचा पर्याय असतो, तो चालू ठेवा.

११. पावसाळ्यात टिकतो का?

आयपी (धूळ-पाण्यापासून बचावाचा दर्जा) ६६ किंवा ६७ असेल तर कॅमेरा टिकतो. पाणी शिरतं ते जोडातून. कॅमेऱ्याच्या शेपटीची पिन आणि केबल यांचा जोड उघडा लोंबकळत ठेवू नका, जंक्शन बॉक्समध्ये घ्या. केबल भिंतीत शिरण्याआधी तिला खाली एक झोल द्या, म्हणजे पाणी झोलावरून टपकेल, भोकात जाणार नाही. मेमधल्या वळवात वीज कडाडली की डीव्हीआर जळल्याचे फोन येतात. अर्थिंग तपासून घ्या. लेन्स महिन्यातून एकदा ओल्या मऊ फडक्याने पुसा, जाळी काढा.

१२. नुसता डमी कॅमेरा लावला तर?

लाल दिवा लुकलुकणारा डमी चोरांना आता पाठ झाला आहे. बहुतेक खऱ्या कॅमेऱ्यांत असा दिवा नसतो.

१३. कुठून घ्यायचा आणि किती खर्च येतो?

बुधवार पेठेत तपकीर गल्लीत सगळं मिळतं आणि भावही बरा मिळतो. ऑनलाइन घेतलात तर फिटर वेगळा शोधावा लागतो, आणि बिघाड झाला की दोघं एकमेकांकडे बोट दाखवतात. एक वायफाय कॅमेरा कार्डासह साधारण ३ ते ५ हजारांत बसतो. चार कॅमेरे, रेकॉर्डर, डिस्क, केबल आणि मजुरी धरून १५ ते २५ हजार. केबलचा भाव वेगळा विचारा. कॅमेऱ्यात दिलेली सूट बरेचदा केबलमध्ये वसूल होते.

एप्रिल २०२५ पासून देशात विकायच्या सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना केंद्र सरकारने ठरवलेल्या सायबर सुरक्षेच्या चाचण्या बंधनकारक झाल्या आहेत. जुना साठा स्वस्तात मिळाला तरी अपडेट मिळणार आहेत का, ते विचारा. पक्कं बिल आणि बॉक्सवरचा सीरियल नंबर जपून ठेवा.

१४. फिटरने त्याच्याच मोबाइलवरून ॲप चालू करून दिलं. काही हरकत आहे का?

आहे, मोठी आहे. कॅमेऱ्याचा मालक ॲपच्या दृष्टीने तोच झाला. तुम्ही गावाला कधी गेलात, गाडी कधी भरली, हे त्याला घरबसल्या दिसतं. आणि त्याने मोबाइल बदलला की तुम्हाला सेटिंग बदलता येत नाही. खातं तुमच्या नंबरावर, तुमच्या समोर उघडायचं, पासवर्ड तुम्ही टाकायचा, फिटरला फक्त कामापुरता ॲक्सेस. डीव्हीआरचा ॲडमिन पासवर्डही तुमचा. झालं असेल तर त्याला बोलावून त्याच्या खात्यातून कॅमेरा काढायला लावा आणि रिसेट करून आपल्या खात्यात घ्या.

१५. गाडी सोसायटीच्या पार्किंगमध्ये असते. माझ्या जागेवर मी कॅमेरा लावू शकतो का?

भिंत, खांब, स्लॅब हे सोसायटीच्या सामाईक मालकीचं असतं, त्यामुळे कमिटीला लेखी अर्ज द्या आणि लेखी परवानगी घ्या. अर्जात कॅमेऱ्यात काय दिसेल याचा फोटो जोडला तर वाद कमी होतात. वीज तुमच्या मीटरवरून घ्या. सामाईक मीटरवर घेतली की पुढच्या सर्वसाधारण सभेत तोच एक विषय पुरतो.

त्यापेक्षा सोसायटीचेच कॅमेरे नीट करून घेणं चांगलं. गेटवर बाहेर जाणाऱ्याचा चेहरा येतो का, रेकॉर्डिंग किती दिवस राहतं, डीव्हीआरचा पासवर्ड कुणाकडे आहे, हे तीन प्रश्न सेक्रेटरींना विचारा. तिसऱ्याला बहुतेक ठिकाणी "आधीच्या सेक्रेटरींकडे" असं उत्तर मिळतं.

१६. घर तिसऱ्या मजल्यावर, गाडी समोरच्या रस्त्यावर. काय करू?

कठीण आहे. तिसऱ्या मजल्यावरून अंतर १५ मीटरच्या पुढे जातं आणि कोनही वरचा. ८ किंवा १२ मिलिमीटर लेन्स लावून हालचाल, कपडे, दुचाकी कळेल. चेहऱ्याची आशा धरू नका. पांढरा दिवा एवढ्या लांब नीट पोचेलच असं नाही, म्हणून गाडी पथदिव्याखाली लावा. पथदिवा बंद असेल तर पीएमसी केअर या महापालिकेच्या तक्रार सेवेवर तक्रार करा, आणि खांबाचा नंबर द्या. महापालिकेच्या खांबावर स्वतःचा कॅमेरा टांगू नका.

दुसरा मार्ग म्हणजे तळमजल्यावरच्या दुकानदाराशी बोलून त्याच्या शटरवर कॅमेरा लावणं. खर्च तुमचा, चित्र दोघांनाही. आम्ही केलेल्या कामांत हीच वाटणी सगळ्यांत चांगली चालली आहे. मागच्या बाजूला दार असलेली बंद गाडी भिंतीला किंवा खांबाला टेकवून, दार उघडणारच नाही अशी लावा. त्याला काहीच पैसे पडत नाहीत.

१७. शेजारी म्हणतात कॅमेरा आमच्या दारावर आहे. वाड्यात चुलत्यांचीही हरकत आहे.

शेजाऱ्याचं दार, खिडकी, नळकोंडाळं चित्रात येत असेल तर कॅमेरा वळवा, किंवा सेटिंगमधलं प्रायव्हसी मास्क वापरून तेवढा भाग काळा करा आणि शेजाऱ्याला मोबाइलवर दाखवा. आवाजाचं रेकॉर्डिंग बंद ठेवा. बाईमाणसाच्या खासगी क्षणांचं चित्रण हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ खाली गुन्हा आहे, त्यात "चोरीसाठी लावला होता" हे चालत नाही.

वाडा सामाईक असेल तर जास्त जपून. एकत्र राहणाऱ्यांच्या संमतीशिवाय घराच्या राहत्या भागात कॅमेरे चालवू नयेत, असा निकाल कलकत्ता उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये दिला आणि सर्वोच्च न्यायालयाने त्यात हस्तक्षेप केला नाही. चौक किंवा जिना चित्रात न घेता फक्त दिंडी दरवाजा आणि बाहेरची गाडी घेतली, तर बहुतेक भाऊबंद तयार होतात.

१८. गाडी प्लॉटवर असते, तिथे लाइटही नाही आणि नेटही नाही.

सिमकार्डवाला सोलर कॅमेरा. दोन मर्यादा माहीत असू द्या. तो बॅटरी वाचवायला झोपलेला असतो, हालचाल झाल्यावर जागा होतो, त्यामुळे पहिले एक-दोन सेकंद हातचे जातात. म्हणून तो गाडीजवळ न लावता गेटच्या वाटेवर लावा (प्रश्न ४). आणि जुलै-ऑगस्टमध्ये दिवसचे दिवस ऊन पडत नाही, तेव्हा बॅटरी उतरते. त्या काळात आठवड्याने घरी आणून चार्ज करायची तयारी ठेवा. सिम घेण्याआधी प्लॉटवर कुठल्या कंपनीची रेंज येते ते बघा.

१९. चोरी झाली. आता पहिल्यांदा काय करू?

गाडीला हात लावू नका, आतलं आवरू नका. फोटो काढा. ११२ लावा. मग लगेच रेकॉर्डिंग काढून घ्या, कारण ते पुसलं जाणार आहे (प्रश्न ९). चोरीच्या आधीचा आणि नंतरचा अर्धा-अर्धा तासही घ्या. टेहळणी करणारा बहुतेक आधीच दिसतो. पेनड्राइव्हवर मूळ फाइल घ्या. स्क्रीनचं मोबाइलने केलेलं शूटिंग किंवा व्हॉट्सॲपवरून आलेली क्लिप चेहरा ओळखायला निकामी असते.

डीव्हीआरचं घड्याळ आणि मोबाइलचं घड्याळ एकाच फोटोत येतील असा फोटो काढा. सात मिनिटांचा फरक असेल तर पुढे चौकातल्या कॅमेऱ्यांशी जुळवताना हाच फोटो कामी येतो. गेलेल्या हत्यारांची यादी सीरियल नंबरांसह द्या. हे नंबर आजच वहीत लिहून ठेवा आणि हत्यारांवर नाव कोरून घ्या.

२०. चौकीत "हरवल्याची तक्रार ऑनलाइन करा" म्हणाले. ते पुरेसं आहे का?

नाही. हरवलेल्या वस्तूंची ऑनलाइन नोंद म्हणजे एफआयआर नव्हे. तिच्यावर तपास होत नाही. वस्तू चोरीला गेली आहे, तर तक्रारीत "चोरी" हाच शब्द हवा. माल किंवा प्रवासी वाहतुकीच्या वाहनातून केलेली चोरी भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०५ मध्ये येते, शिक्षा ७ वर्षांपर्यंत. साध्या चोरीचं कलम ३०३. अर्जात "मालवाहू वाहनातून" असं स्पष्ट लिहा. हद्दीचा वाद घातला तरी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कुठल्याही ठाण्यात नोंदवता येतो. पुणे शहर आणि पिंपरी-चिंचवड ही दोन पोलिस आयुक्तालयं २०१८ पासून वेगळी आहेत, आणि सीमेवरच्या वस्त्यांत हा प्रश्न येतोच. एफआयआरची प्रत फुकट मिळते, ती घेऊनच निघा.

फुटेज कोर्टात टिकायला भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३चं प्रमाणपत्र लागतं. त्याचे दोन भाग आहेत : एक यंत्र ज्याच्या ताब्यात आहे त्याचा, दुसरा तज्ज्ञाचा, आणि फाइलची हॅश किंमतही (फाइल बदललेली नाही हे दाखवणारा आकडा) लिहायची असते. तपास अधिकारी ते करून घेतात. तुम्ही मूळ डिस्क फॉरमॅट करू नका एवढं बघा.

२१. चोराचा चेहरा एरियाच्या ग्रुपवर टाकू का?

आधी पोलिसांना द्या. "हाच चोर" असं लिहून टाकलेला फोटो भलत्याच माणसाचा निघाला तर बदनामीचं प्रकरण तुमच्यावर येतं. ग्रुपवर विचारायचंच असेल तर वेळ, गल्ली आणि गाडीचा रंग सांगा; त्या वेळचं फुटेज कुणाकडे आहे का, एवढंच विचारा.

२२. इन्शुरन्समधून हत्यारांचे पैसे मिळतात का?

गाडीच्या पॉलिसीतून हत्यारांचे आणि मालाचे नाही. नुसता थर्ड पार्टी विमा असेल तर गाडी गेली तरी काही नाही. बॅटरी-स्टेपनीबद्दल पॉलिसीच्या अपवादांच्या यादीत बघा; मालवाहू गाड्यांच्या पॉलिसीत बरेचदा अट असते की गाडीही त्याच वेळी गेली असेल तरच सुट्या वस्तूंचे पैसे. हत्यारांसाठी वेगळा घरफोडी-चोरीचा विमा घेता येतो. मात्र "बंद गाडीत, रात्री, रस्त्यावर" ठेवलेल्या मालाला तो लागू आहे का, हे एजंटकडून लेखी घ्या. कळवायला उशीर केला तर विमा कंपनी तेच कारण पुढे करते, म्हणून एफआयआरच्या दिवशीच कळवा.

२३. रात्री काही होत नाही, दिवसा साइटवर सामान जातं. घरचा कॅमेरा काय कामाचा?

त्यासाठी तो नाहीच. पार्किंग मोड असलेला (गाडी उभी असतानाही रेकॉर्ड करणारा) डॅशकॅम, म्हणजे गाडीत बसवायचा कॅमेरा, बघा, पुढे-मागे दोन लेन्सचा. तो गाडीच्या बॅटरीवर चालतो, म्हणून व्होल्टेज खाली गेल्यावर आपोआप बंद करणारं हार्डवायर किट लावून घ्या, नाहीतर संध्याकाळी गाडी धक्का मारून चालू करावी लागेल. एप्रिल-मेच्या उन्हात बंद केबिन भट्टी होते. लिथियम बॅटरीचा डॅशकॅम फुगू शकतो, बॅटरीऐवजी सुपरकपॅसिटर असलेला घ्या. मागची लेन्स हौद्याकडे वळवा. आणि सामान उतरवताना गाडी उघडी टाकून चौथ्या मजल्यावर जायचं असेल, तर हेल्परला खाली उभं करा किंवा प्रत्येक खेपेला कुलूप लावा.